वीटभट्टी गेली, कामगारांची घरे उरली: याला वारसा म्हणायचे का?

चुनखडी (धागाकर्ता)

मोठी वीटभट्टी कायमची बंद पडली की मागे उरतात मातीचा खड्डा, एखाददुसरी चिमणी आणि कामगारांच्या घरांच्या रांगा. खड्ड्यात पाणी साचते नाहीतर शहराचा कचरा येऊन पडतो. चिमणीला तडे गेले की ती धोकादायक ठरते. घरांत माणसे राहत असतात म्हणून घरे टिकतात. तरीही वारशाची यादी करायला बसले की याच घरांचा नंबर शेवटी लागतो, आणि बऱ्याचदा लागतच नाही.

इंग्लंडमधल्या बेडफर्डशर परगण्यातले स्टुअर्टबी घ्या. लंडन ब्रिक कंपनीने १९२६ पासून आपल्या कामगारांसाठी हे गाव वसवले आणि कंपनी चालवणाऱ्या स्टुअर्ट घराण्याचेच नाव त्याला दिले. १९३० च्या दशकात इथला कारखाना जगातला सर्वांत मोठा वीटकारखाना म्हणून ओळखला जाई. वर्षाला ५० कोटी विटा निघत. २००८ मध्ये उत्पादन थांबले. २०२१ मध्ये उरलेल्या चिमण्या सुरुंग लावून पाडल्या. बातम्या आल्या त्या चिमण्यांच्या. गाव तिथेच आहे, लोक राहताहेत, त्याची बातमी कोण करणार?

माझे मत आधीच सांगून टाकतो. भट्टी चालू असेपर्यंत ही घरे तिची पुरवणी असतात, हे मान्य. भट्टी गेल्यावर मात्र इथे वीटधंदा होता, तो माणसांनी केला आणि त्या माणसांतही वरचे-खालचे होते, हे सांगणारा जमिनीवरचा पुरावा म्हणजे ही घरेच. त्यामुळे भट्टी पडल्यावर घरांचे मोल वाढते, असे मला वाटते. पण हे मोल नेमके कशात आहे? विटांत, मांडणीत की राहणाऱ्यांत? जाणकारांनी लिहावे. नुसते +१ नको.

साशंक

विरोधी सूर लावतोय, रागावू नका.

दोन खोल्या खाली, दोन वर, एक धुराडे, मागच्या अंगणात संडास. अशा रांगा औद्योगिक देशांत पोत्याने सापडतील. गिरणीजवळच्या, खाणीजवळच्या, रेल्वेच्या कारखान्याजवळच्या रांगा आणि या रांगा शेजारी ठेवल्या तर ओळखू येणार नाहीत. मालकाने त्या बांधल्या त्या कामगार हाताशी राहावा म्हणून, आणि शक्य तितक्या स्वस्तात. वास्तुविशारद कोण, तर बहुधा कुणीच नाही. मग जपायचे काय? जुने आहे एवढेच?

दुसरे म्हणजे, ओलीने पोपडे धरलेल्या भिंतीआड राहणाऱ्या माणसाला ‘तुमचे घर वारसा आहे, खिडकी बदलायची तर अर्ज करा’ म्हणून सांगायला जाणारा स्वतः कुठे राहतो, हे एकदा विचारायला हवे. चांगले मोजमाप करा, छायाचित्रे काढा, पाडा आणि लोकांना धड घरे द्या.

कौलारू

साशंक, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर नंतर येते, तो महत्त्वाचा आहे. पहिला मुद्दा मात्र पटत नाही.

औद्योगिक वारसा म्हणजे काय, याची सर्वांत जास्त वापरली जाणारी व्याख्या निझ्नी तागिल सनदेत आहे; औद्योगिक वारसा जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची ही २००३ ची सनद. त्यात यंत्रे, कारखाने, खाणी, गोदामे, वाहतूक हे सगळे आहेच, पण उद्योगाशी जोडलेल्या सामाजिक जीवनाच्या जागाही आहेत: घरे, प्रार्थनास्थळे, शाळा. म्हणजे घरे मागाहून चिकटवलेली नाहीत, व्याख्येतच बसवलेली आहेत. स्कॉटलंडमधले न्यू लॅनार्क आणि इंग्लंडमधले सॉल्टेअर ही गिरणीची गावे २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, इटलीतले क्रेस्पी दाद्दा त्याआधी १९९५ मध्ये. तिन्ही ठिकाणी गिरणी आणि वस्ती एकत्र धरूनच मूल्य ठरले. एकेक घर सुटे काढले तर त्यातले फार थोडे टिकले असते.

दिसायला साधे म्हणजे मूल्य कमी, ही सवय राजवाडे आणि देवळे मोजण्यातून आली आहे. इंग्लंडच्या वारसा खात्याने २००८ मध्ये जी तत्त्वे छापली त्यांत मूल्याचे चार प्रकार केले आहेत: पुराव्याचे, इतिहासाचे, सौंदर्याचे आणि समाजाचे. कामगारांची रांग सौंदर्यात नापास झाली तरी उरलेल्या तीन विषयांत ती राजवाड्याला हरवू शकते. राजवाड्याबद्दल लिहिलेले ढीगभर सापडते. भट्टीवर मातीचे गोळे उचलणाऱ्याने रोजनिशी लिहिलेली नसते. त्याच्या बाजूने बोलणारी वस्तू म्हणजे त्याचे घर.

आणि ओळखू येत नाहीत असे कसे? मुकादमाचे घर रांगेच्या टोकाला, फाटकाच्या समोर, एक खिडकी जास्त, दारावर साच्यातून काढलेल्या नक्षीच्या विटा. त्याच्या मागे साध्या रांगा. व्यवस्थापकाचे घर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे धूर तिकडे जाणार नाही असे. वीटकारखान्याच्या वस्तीत आणखी एक गंमत असते, जी गिरणीच्या वस्तीत नसते: घर ज्याचे बनले तोच माल तिथे तयार होत होता. वरच्या लोकांची घरे म्हणजे कारखान्याचा उभा नमुनासंच, गिऱ्हाइकाला दाखवायला. खालच्यांच्या भिंती कशाच्या, ते भट्टीतले कुणी असेल तर त्याने सांगावे.

ठिणगी

भट्टीतला आहे, सांगतो. इमारतींच्या सौंदर्यातले मला कळत नाही, आगीतले थोडे कळते.

खालच्यांच्या भिंती बऱ्याचदा बाजारात न खपणाऱ्या मालाच्या. जास्त भाजून काळवंडलेली, वाकडी झालेली खंगर वीट, कमी भाजलेली फिकट वीट, कडा उडालेली वीट. कमी भाजलेली आतल्या भिंतीत, खंगर पायात किंवा अंगणाच्या कुंपणाला. गिलावा नसलेली मागची भिंत असेल तर समोर उभे राहून त्या भट्टीची आग किती आटोक्यात होती ते वाचता येते. भट्टी पाडली गेली असेल तर तिच्या भाजणीचा नमुना दुसरीकडे कुठे मिळणार? चांगला माल तर विकला गेला, तो कुठल्या शहरात कुठल्या भिंतीत आहे कुणास ठाऊक. टाकाऊ माल मात्र घरीच राहिला.

आता मुख्य गोष्ट. ही घरे भट्टीला खेटून का असतात?

जुन्या पद्धतीत भट्टी भरायची, पेटवायची, निवेपर्यंत थांबायचे, रिकामी करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. दर खेपेला भिंतीत मुरलेली उष्णता फुकट. फ्रीडरिश हॉफमनने १८५८ मध्ये पेटंट घेतलेल्या भट्टीत हे उलटे झाले: विटा जागच्या जागी, आग फिरते. वर्तुळाकार, पुढे लांबट झालेला बोगदा, त्याचे बारा, सोळा किंवा जास्त खण. एका खणात जाळ. त्याच्या पुढच्या खणांतल्या कच्च्या विटा त्याच जाळाच्या धुराने तापत असतात. मागच्या खणांतल्या भाजलेल्या विटांवरून येणारी हवा आयती गरम होऊन जाळाला मिळते. निवलेल्या खणातून निकासी, त्याच्या शेजारच्या रिकाम्या खणात भराई. जळण एवढे वाचते की ज्याच्याकडे ही भट्टी नाही त्याचा धंदा बसतो. एकदा पेटली की ती महिनोन्महिने, काही ठिकाणी वर्षानुवर्षे विझत नसे.

आग विझत नाही म्हणजे रात्रपाळी आली. भट्टीच्या छतावर भोके असतात, त्यांतून कोळशाची चूर ठरावीक वेळाने टाकावी लागते. ते काम करणाऱ्याचा अंदाज चुकला तर अख्खा खण खंगर होतो नाहीतर कच्चा राहतो. असा माणूस दोन कोसांवर राहून चालत नाही. निकासीवाले तर पुरते न निवलेल्या खणात शिरत. खण लवकर मोकळा झाला की मालकाचा फायदा, आणि मजुरी नगावर असल्याने माणसालाही घाई.

हाताने वीट पाडण्याच्या (म्हणजे साच्यात घालून घडवण्याच्या) काळात धंदा हंगामी होता, कारण गोठवणाऱ्या थंडीत ओली वीट फुटते. फिरती आग, यंत्राने पाडलेली वीट आणि कृत्रिम वाळवण आल्यावर काम बारमाही झाले. बारमाही कामाला बारमाही माणूस लागतो आणि त्याला पक्के घर. म्हणून वस्तीतली पक्की रांग कधी बांधली हे कळले, की भट्टी कधी बदलली असेल याचा अंदाज करता येतो. कागद नसतील तिथे हाच धागा.

स्टुअर्टबीपुरते सांगायचे तर ती माती ‘लोअर ऑक्सफर्ड क्ले’. तिच्यात सेंद्रिय द्रव्य इतके असते की वीट भाजताना स्वतःच्या जळणाचा मोठा वाटा स्वतःच देते. १८८० च्या दशकात पीटरबराजवळ फ्लेटनला हे लक्षात आले, म्हणून त्या विटांना फ्लेटन म्हणतात. वीट इतकी स्वस्त पडली की देशभर गेली. त्याच मातीतला गंधक मात्र शेवटी भट्टीच्या मुळावर आला. धुरातल्या गंधकाची नवी मर्यादा पाळणे जमले नाही, म्हणून २००८ मध्ये ती थांबली.

वाचनमात्र

ठिणगी, भारी लिहिलेत. एक शंका: तुमच्या सगळ्या वर्णनात पुरुष आहेत. बायका-मुले?

ठिणगी

हाताच्या वीटकामात तर कुटुंबच कामाचे एकक होते. वीट पाडणारा एक, माती मळून देणारा एक, ओल्या विटा वाळवणीला नेणारी पोरे. इंग्लंडात कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने वीटभट्टीवरच्या मुलांसाठी मोहीम चालवली. तो स्वतः लहानपणी भट्टीवर राबलेला. त्यातून १८७१ चा कायदा झाला: १६ वर्षांखालच्या मुली आणि १० वर्षांखालचे मुलगे भट्टीवर नकोत. एवढी वयोमर्यादा घालायला कायदा लागला, यावरून आधी काय चालत असेल ते समजा. म्हणूनच जुन्या जनगणनेच्या कागदांत एकाच घरातल्या चार-पाच जणांपुढे एकच धंदा लिहिलेला दिसतो. तो कागद घेऊन त्या घरासमोर उभे राहता आले तर दोन्हींची किंमत वाढते.

पोटमाळा

चर्चा चांगली चालली आहे, पण सगळे पक्क्या घरांबद्दल बोलताय. वीट पाडणाऱ्यांतल्या बहुतेकांना पक्के घर कधी मिळालेच नाही.

शिकागोजवळचे पुलमन माहीत असेल. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमनने १८८० मध्ये उभारायला घेतलेले आदर्श गाव: विटांची देखणी घरे, बाग, बाजार, नाट्यगृह. २०१५ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झाले. गावासाठी लागणाऱ्या विटा कंपनीच्याच भट्ट्यांवर पडत, शेजारच्या कॅल्युमेट सरोवराच्या मातीतून. त्या भट्ट्यांवरचे मजूर कुठे राहत? गावाबाहेर, लाकडी फळ्यांच्या खोपटांत. आणि त्याचेही भाडे कंपनी घेई. गावाच्या विटा पाडून देणारे लाकडात राहिले! विटांची घरे आज जपलेली आहेत. खोपटी केव्हाच गेली.

जर्मनीतल्या लिपे प्रदेशाची गोष्ट वेगळ्या वळणाची. तिथले पुरुष वसंतात टोळीने निघायचे, उत्तर जर्मनीत आणि हॉलंडमध्ये भट्ट्यांवर हंगाम काढायचे, शरदात परत. भट्टीवर त्यांचा मुक्काम शेडच्या किंवा खोपटाच्या आसऱ्याने, स्वयंपाक एकत्र. त्यांचे ‘कामगारांचे घर’ भट्टीजवळ नाहीच, ते शेकडो किलोमीटर दूर, लिपेतल्या छोट्या घरात, जिथे बायको शेती बघत होती. लागे या गावी जुन्या वीटभट्टीतच त्यांच्यावर संग्रहालय आहे. म्हणजे भट्टीभोवती रेघ मारून ‘हा वारसा परिसर’ म्हटले, तर हे लोक रेघेबाहेरच राहतात.

धागाकर्त्यांच्या स्टुअर्टबीतही हेच. दुसऱ्या महायुद्धानंतर माणसे मिळेनात म्हणून कंपनीने १९५० च्या दशकात दक्षिण इटलीतून हजारो कामगार करार करून आणले. ते आदर्श गावात राहायला गेले का? सुरुवातीला त्यांना ठेवले वसतिगृहांत, काही तर युद्धकैद्यांच्या जुन्या छावण्यांत. पुढे कुटुंबे आली, बेडफर्ड शहरात त्यांनी घरे घेतली, आणि आज तिथला इटालियन समाज मोठा आहे. वीटधंद्याचा वारसा बेडफर्डच्या त्या गल्ल्यांतही आहे. तिथे भट्टी नाही, चिमणी नाही, कंपनीचे नावही नाही.

आणि टोकाचे उदाहरण टोरोंटोचे. डॉन व्हॅली ब्रिक वर्क्स, १८८९ ते १९८४. १९३०-३१ च्या हिवाळ्यात मंदीने बेघर झालेले पुरुष तिथल्या भट्टीच्या उबेला झोपत. भट्टीच घर झाली.

आजही जगात कित्येक ठिकाणी उचल घेऊन आलेली कुटुंबे भट्टीवर कच्च्या विटा रचून केलेल्या खोपीत हंगाम काढतात, आणि हंगाम संपला की खोपीच्या विटाही भाजायला जातात. तिचा वारसा कोण ठरवणार?

साशंक

पोटमाळा, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय, कळतंय ना? जे उरले ते मालकाला दाखवायचे होते ते. बाग, सभागृह, रांगेतली सुबक घरे. तुम्ही ते जपले की दोनशे वर्षांनी लोक म्हणणार, वा, काय दिलदार मालक होते! पुलमनचेच बघा. १८९३ च्या मंदीनंतर मजुरी कापली, घरभाडे तसेच ठेवले, १८९४ मध्ये संप पेटला. शेवटी १८९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला कारखान्याशी संबंध नसलेली मालमत्ता विकायला लावली. दिलदार!

पोटमाळा

बाजू तुमची, निष्कर्ष उलटा. पुलमनची घरे उभी आहेत म्हणून तुम्ही भाड्याबद्दल बोलू शकताय. ती पाडली असती तर फक्त डब्यांची छायाचित्रे उरली असती.

चुनखडी

साशंक यांच्या मुद्द्याला बेल्जियमचे उत्तर देतो. अँटवर्पच्या दक्षिणेला रूपेल नदीकाठी बोम आणि आसपासच्या गावांत वीटधंदा शतकानुशतके चालला. त्यात नूवेरेन नावाची वस्ती आहे. ती कुणी आखलेली आदर्श वस्ती नाही. भट्टी, वाळवणीच्या लांबलचक शेड, मालकाचे घर आणि मधल्या चिंचोळ्या जागेत कामगारांची बुटकी घरे, सगळे एकमेकांत घुसलेले. बागेची कल्पना कुणाला सुचली नव्हती. त्या भागात घर मालकाचे, दुकान मालकाच्या नात्यातल्याचे, गुत्ताही त्याच गोतावळ्यातला. मजुरी एका हाताने द्यायची आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायची. हा प्रकार सगळ्या देशभर इतका चालायचा की १८८७ मध्ये बेल्जियमने मजुरी रोख पैशातच दिली पाहिजे असा कायदा केला. ब्रिटनने असा कायदा १८३१ मध्येच केला होता.

आज नूवेरेन संरक्षित आहे, भट्ट्या आणि घरांसकट. मालकाच्या दिलदारीचा वास तिथे कुणाला येणार नाही. घर आणि भट्टी यांच्यात चार पावले, मालकाची खिडकी कामगाराच्या दारावर रोखलेली. हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या बोळात उभे राहून बघणे वेगळे.

नोकरी गेली की घर गेले, हीसुद्धा या घरांची मोठी गोष्ट. संपाच्या वेळी मालकाच्या हातात कुलूप होते. भाडेपुस्तकात मजुरीतून वळते केलेले भाडे दिसते, पण बाहेर काढण्याची भीती कागदावर कुठे लिहिलेली असते?

कौलकारी

अवांतर: मंगळुरी कौले सगळ्यांना माहीत आहेत. बाझल मिशनने (स्वित्झर्लंडमधली ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्था) १८६५ मध्ये मंगळूरला नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला, त्यामागे धंद्याइतकेच एक कारण होते: धर्म बदललेल्यांचा जातीबरोबर रोजगारही सुटायचा, बऱ्याचदा घरही. त्यामुळे तिथे काम, निवारा आणि देऊळ (म्हणजे चर्च) एकाच संस्थेचे. भाजलेल्या मातीच्या धंद्यात ‘मालकाने दिलेले घर’ या शब्दाला किती छटा आहेत बघा. यावर सवडीने वेगळा धागा काढेन.

साशंक

काढा, वाचू. नूवेरेनचे उदाहरण चांगले आहे, मान्य. पण ओलीचा प्रश्न कुणी घेतलाच नाही.

ठिणगी

मी घेतो, कारण यात भावनेपेक्षा रसायन जास्त आहे.

ही घरे ओली आहेत त्याचा दोष दर वेळी घरावर टाकू नका. पुष्कळदा दोष नंतरच्या डागडुजीचा असतो. मूळ सांधे चुन्याचे. चुना मऊ आणि सच्छिद्र. भिंतीतले पाणी सांध्यातून बाहेर पडते, क्षार सांध्यावर येतात, सांधा झिजतो, वीट वाचते. काही वर्षांनी सांधा पुन्हा भरायचा, एवढेच. मग कुणीतरी ‘मजबूत’ म्हणून सिमेंटने सांधे भरतो, वरून सिमेंटचा गिलावा आणि न श्वास घेणारा रंग. आता पाणी कोंडले. ते विटेतूनच बाहेर पडायला बघते, क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साठतात, लोणा लागतो आणि विटेचे तोंड पापुद्र्यासारखे सुटते. घरात ओल, बाहेर भुगा. माणूस म्हणतो, जुने घर खराब.

वीटकारखान्याच्या वस्तीत हे जास्त, कारण भिंतीत कमी भाजलेली वीट असण्याची शक्यता जास्त. ती पाणी जास्त पिते. फ्लेटनची आणखी एक खोड आहे. तिच्यात विरघळणारे सल्फेट भरपूर. भिंत सतत ओली राहिली तर हे सल्फेट सिमेंटमधल्या अॅल्युमिनेटशी संयोग करून फुगतात आणि सांधा आतून फाटतो. कुंपणाच्या आणि छपरावर निघालेल्या भिंतींत, जिथे दोन्ही बाजूंनी पाऊस लागतो, तिथे आधी दिसते. उपाय म्हणजे पाणी अडवा: पन्हळी, वरची झाकणवीट, जमिनीची पातळी. मग सांधे चुन्याने. हे पुनर्बांधणीपेक्षा स्वस्त पडते की नाही ते घरागणिक बदलेल, पण ‘राहण्यालायक करताच येत नाही’ हे खरे नाही.

एक मुद्दा मात्र साशंक यांच्या बाजूने. माती काढलेल्या खड्ड्यांत पुष्कळ ठिकाणी कचरा भरला गेला. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो. खड्ड्याच्या काठावरची रांग असेल तर आधी वायू निघतोय का आणि जमीन खचतेय का ते तपासायचे, वारसा मागाहून.

ओसरी

मी अशा वस्त्यांच्या पाहण्या करते, म्हणून थोडे. घरे भाडेकरूंच्या मालकीची झाली की पहिल्या वर्षात दारे बदलतात. दहा घरांची दहा रंगांची दारे, कुणी ओटा बांधला, कुणी मागे खोली काढली. संवर्धनवाल्यांना हे खुपते, ‘मूळ रूप बिघडले’. मला उलट वाटते. शंभर वर्षे कंपनीने ठरवलेल्या एकाच रंगाचे दार उघडून माणसे कामावर गेली. पहिल्यांदा स्वतःच्या पसंतीचा रंग लावला तोही त्या घराच्या इतिहासातला एक दिवस आहे. सगळी दारे पुन्हा कंपनीच्या हिरव्या रंगात रंगवायला लावली तर आपण मेलेल्या कंपनीची शिस्त चालू ठेवतोय.

म्हणून नियम कमी आणि नेमके असावेत. रांगेची रेषा, छपराचा उतार, धुराडी, समोरच्या भिंतीची उघडी वीट, घरांमधले बोळ आणि भट्टीकडे जाणारी वाट, एवढे सांभाळा. आतले स्वयंपाकघर, न्हाणीघर, मागची बाजू लोकांवर सोडा. वाट महत्त्वाची आहे, ती नकाशात कायम विसरतात. भट्टीच्या जागी नवी वसाहत आली आणि मधे भिंत घातली, की घरे कुणाची होती आणि कुठे तोंड करून उभी आहेत ते कळेनासे होते.

कौलारू

दाराच्या रंगावर पूर्ण सहमत नाही. सगळे बदल इतिहास म्हटले तर उद्या प्लास्टिकची खिडकीही इतिहास होईल.

ओसरी

होईलच की. तुम्हाला आवडत नाही म्हणून होणार नाही असे थोडेच आहे?

साशंक

हा वाद तुम्ही दोघी मिटवा. मी इथवर आलोय: सगळी वस्ती ठेवणे शक्य नसेल तर एक रांग ठेवा, बाकी पाडा. कोणती ठेवायची? सर्वांत चांगल्या स्थितीतली?

कौलारू

नाही! चांगल्या स्थितीतली रांग म्हणजे बहुधा वरच्या पगाराची. एकच ठेवायची तर ती निवडा जिच्या टोकाला मुकादमाचे घर आहे आणि पुढे साधी घरे लागून आहेत, म्हणजे फरक दिसेल. समोर भट्टीचा काही भाग असेल, निदान वाळवणीची शेड, तर तो याच गठ्ठ्यात. सुटी घरे इकडून एक, तिकडून एक ठेवू नका. मूल्य संबंधात आहे, म्हणून संबंध तुटला की जपलेले घर म्हणजे फक्त एक जुने छोटे घर.

वाचनमात्र

आणि सगळेच पाडायचे ठरले असेल तर? तारीखही लागली असेल तर काय काय करून ठेवावे?

ओसरी

आधी मोजून नकाशा, प्रत्येक प्रकारच्या एका घराचा पूर्ण, आणि सगळ्या वस्तीचा भट्टी, खड्डा, रूळ यांसकट एक. जुन्या मोजणी नकाशांवर भट्टी, खड्डा आणि रांगा वेगवेगळ्या वर्षी कशा दिसतात ते एकाखाली एक लावा. इंग्लंडची जनगणना शंभर वर्षांनी खुली होते, १९२१ ची २०२२ मध्ये झाली. जिथे असे कागद मिळतात तिथे घर क्रमांकानुसार माणसे बसवा. राहणाऱ्यांना बोलते करा, विशेषतः घर मिळाले कसे आणि सुटले कसे यावर; भट्टीच्या यंत्रांबद्दल सगळे विचारतात, हे कुणी विचारत नाही. भाडेपुस्तके, पगाराची पाकिटे लोकांच्या ट्रंकेत असतात, ती स्कॅन करून परत द्या, काढून नेऊ नका.

ठिणगी

माझी भर: पाडताना प्रत्येक रांगेतल्या आतल्या आणि बाहेरच्या भिंतीतली थोडी वीट वेगळी काढा, सांध्याच्या मालासकट, आणि कुठून काढली ते लिहून ठेवा. विटेच्या खाचेत ठसा असेल तर त्याचे छायाचित्र. चुन्याचे सांधे असतील तिथे वीट हातोडीने टिचक्या मारून अख्खी सुटते, साफ करून शेजारच्या उरलेल्या रांगेच्या डागडुजीला वापरता येते. तीच माती, तीच भाजणी बाजारात मिळणार नाही. सिमेंटच्या सांध्यातली बहुतेक वीट फुटते. त्यामुळे कंत्राटात ‘यंत्राने पाडणे’ लिहिण्याआधी सांधे कशाचे आहेत ते बघून घ्या.